कोरडी पट्टी

'घरबसल्या दवाखाना' ही योजना गावात आली तेव्हा ती चालेल, असं पौर्णिमाला मुळीच वाटलं नव्हतं. पोलिओच्या दोन थेंबांसाठी ज्या गावात पोरांच्या मागे बांधाबांधानं पळावं लागतं, तिथली माणसं मोबाइलमधल्या डॉक्टरला आपण होऊन जीभ काढून दाखवतील, हे कुणाच्या डोक्यात येणार? पण गावानं तिला खोटं पाडलं. वर्षाच्या आत अनसिंगच्या आजूबाजूची सगळी गावं मागे पडली आणि हे गाव जिल्ह्यात पहिलं आलं. खात्याच्या साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, "काय जादू केलीत मॅडम?"

"काही नाही सर," पौर्णिमा म्हणाली. "लोकच जागरूक आहेत."

जागरूकतेचा प्रकार असा होता. गावाचं आरोग्य उपकेंद्र बौद्ध वस्तीच्या मागे, विहाराला लागून. सरकारनं जागा मागितली तेव्हा बाकी गाव विचार करत बसलं आणि वस्तीनं देऊन टाकली. तेव्हापासून गावाला उपकेंद्र लांब पडू लागलं. त्याच्याही पुढं असलेलं देशी दारूचं दुकान कधी लांब पडलं नाही. उपकेंद्रात बसणारी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, ती पौर्णिमा, नर्सिंगची पदवी घेऊन, वर परीक्षा देऊन लागलेली. पण गावाच्या लेखी ती वस्तीतल्या दौल्याची पोरगी. दौलतराव एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या नावातलं 'राव' वस्तीच्या वेशीबाहेर कधी गेलं नाही. आता दौल्याच्या पोरीकडून नाडी बघून घ्यायची, म्हणजे ती मनगट धरणार. इंजेक्शनचं तर बोलायलाच नको. लोक तापानं फणफणत जीपमध्ये कोंबून अनसिंगच्या दवाखान्यात जात, पण उपकेंद्राचं नाव काढलं की म्हणत, "दूर पडते बाप्पा."

मोबाइलमधला डॉक्टर हात लावत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण ठरला.

अडचण एकच होती. बटण दाबलं की जो कोणी डॉक्टर मोकळा असेल तो येई आणि त्याच्या चेहऱ्याआधी पडद्यावर त्याचं नाव येई. जोशी, देशपांडे, अग्रवाल आले तर प्रश्न नसे. वानखडे, तायडे, इंगळे आले की घरात सभा भरे, कारण वऱ्हाडात ही आडनावं गावातही सापडतात आणि वस्तीतही.

"आपल्यातला हाय का त्यायच्यातला?"

"रंग तं गोरा हाय."

"रंगाचं काय घेऊन बसला? काट तू. दुसरा लाव."

पडद्यावरचा डॉक्टर 'हॅलो, आवाज येतोय का?' करत असतानाच काटला जाई. खोकल्याच्या एका औषधासाठी एकेक घर तीन-तीन, चार-चार डॉक्टर काटत असे. आणि काटलेला प्रत्येक फोन वर कुठंतरी 'सल्ला घेतला' म्हणून मोजला जाई. पहिला नंबर आला तो असा.

पौर्णिमानं एकदा हे साहेबांच्या कानावर घालून पाहिलं. साहेबांचं आडनाव इंगळे. ते म्हणाले, "तांत्रिक बाब दिसते. वर कळवतो." त्यानंतर हा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

पहिला नंबर आल्यावर अभ्यास करणारे येणारच. कारंज्याच्या खेमचंद शेठचा मुलगा संयम पीएचडी करत होता. लोक मोबाइल आरोग्यसेवा कशामुळं स्वीकारतात, हा त्याचा विषय. पाठीवर बॅग, हातात घरून आणलेल्या उकळलेल्या पाण्याची बाटली आणि स्वभावानं गरीब. त्याच्या टॅबवर प्रश्न होते. सेवा उपयुक्त वाटते का, वापरायला सोपी वाटते का, विश्वास वाटतो का. उत्तरं 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. आडनावाचा प्रश्न नव्हता. पौर्णिमानं त्याला तो सुचवला नाही, कारण पोरगा आधीच उन्हानं थकलेला दिसत होता.

"सगळ्यात जास्त वापर कोण करतं मॅडम?" त्यानं विचारलं. "तिथूनच सुरुवात करू."

सगळ्यात जास्त वापर सुंदरबाईचा. माजी सरपंचाची विधवा, अंगानं भरलेली, साखरेचा आजार. ओसरीवरच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर बसून ती घर चालवत असे, आणि सवड मिळाली की गावही. दोघं पोचली तेव्हा ती बंगईवरच होती, पण बंगई हलत नव्हती आणि पायावर भर उन्हाळ्यात गोधडी होती.

"या, या. प्रणिता, शेठच्या पोराले खुर्ची दे," ती सुनेला म्हणाली. "दौल्याची पोरगी, तू बस तिथं."

तिथं म्हणजे पायरीवर. पौर्णिमा उभीच राहिली. तिला वास आला होता.

प्रणितानं खुर्ची ठेवली आणि पदर नाकाला लावला. "उंदीर मेला वाटते कुठंतरी," ती संयमला म्हणाली. "चार दिवसांपासून पाहून राह्यलो, सापडत नाही."

संयमनं मान हलवली आणि प्रश्न विचारायला घेतले. "आजी, या सेवेवर तुमचा विश्वास आहे का?"

"लय," सुंदरबाई म्हणाली. "डाक्टर घरी येते आन् तरी घरात येत नाही. याच्याहून चांगलं काय असते?"

संयमनं 'पूर्ण सहमत'वर बोट टेकवलं.

"आजी, पाय दाखवा," पौर्णिमा म्हणाली.

"डाक्टरले दाखवला."

"पाय दाखवला?"

"पाय कसा दाखवू वं? एवढा शिकेल माणूस, त्याच्या तोंडासमोर पाय करू? मी तोंडी सांगतलं. तुरीच्या वावरात खुट रुतला, थोडंसं लागलं. त्यानं गोळ्या लिहून देल्या."

म्हणजे बाईनं महिनाभर डॉक्टरला तोंड दाखवलं होतं आणि पाय गोधडीखाली सडत होता. रीतीभातीला धरून सडत होता. पौर्णिमानं न विचारता गोधडी बाजूला केली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं आणि त्याच्याखाली जे होतं ते पाहून संयम टॅब खुर्चीवर ठेवून बाहेर गेला. गल्लीतून त्याच्या ओकण्याचा आवाज आला.

"करण," पौर्णिमानं सुंदरबाईच्या मुलाला हाक मारली. "फोन लाव डॉक्टरले. आता."

करणनं लावला. तायडे आला, काटला. वानखडे आला.

"अकोल्याचा असंन तं आपला असू शकते," करण म्हणाला.

"काट," सुंदरबाई म्हणाली.

तिसऱ्यांदा डॉ. कुलकर्णी नावाची तरुण बाई आली. सुंदरबाईनं पदर सारखा केला. डॉक्टरीणबाईनं पाय दाखवा म्हटल्यावर तिनं आधी मोबाइलला हात जोडले, माफी मागितली आणि मग डोळे मिटून पाय पुढं केला. डॉक्टरीणबाई पडद्याजवळ सरकली.

"सीएचओ मॅडम आहेत ना तिथं? मॅडम, रोज ड्रेसिंग करा. औषधं मी लिहून देते, बोटासाठी अकोल्याची चिठ्ठीही देते. आजी, नीट ऐका. या पट्टीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. आठवडाभरात सुधारणा दिसली नाही तर पाय घोट्यावरून काढावा लागेल."

सुंदरबाईनं घोट्याकडं पाहिलं. मग पौर्णिमाच्या हातांकडं.

"दुसरं कोणी नाही का?" तिनं मोबाइलला विचारलं.

"का? त्या शिकलेल्या आहेत की."

"नाही, तसं नाही. पोरगी चांगली हाय."

पौर्णिमानं हातमोजे चढवले. जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, औषध लावलं, पट्टी बांधली. सुंदरबाई सगळा वेळ आढ्याकडं बघत होती. पाय दुखत नव्हता, साखरेनं तो केव्हाच बधिर केला होता. संयम परत आला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आजी, एक प्रश्न राहिला होता." फार प्रामाणिक पोरगा.

दुसऱ्या दिवशी पट्टी ओली होती. पौर्णिमाला वाटलं, पाणी सांडलं असेल. तिसऱ्या दिवशीही ओली, पिळली तर थेंब गळतील अशी. बोटाचा काळेपणा चवड्याकडं सरकला होता. तिनं प्रणिताला चुलीपाशी गाठलं.

"पाणी कोण लावते पट्टीले?"

प्रणितानं दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "तुमी गेल्या का आत्याबाई आंघोळ करतात. डोक्यावरून."

"पाय बाहेर ठेवून करा म्हटलं होतं. पिशवी बांधून."

"रोजची तशीच करतात सकाळी. ही दुसरी." तिनं जरा थांबून समजावून सांगितलं, जसं लहान पोराला सांगतात. "त्या पट्टीलेच तं तुमचा हात लागते ना मॅडम. तिले भिजवल्याशिवाय कसं?"

तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. भाजीला फोडणी आधी द्यायची की नंतर, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. चार वर्षं पौर्णिमानं जंतू शिकले होते, जखम कशानं चिघळते ते शिकली होती. पुस्तकात हा जंतू नव्हता.

"मग पट्टी तू बांध," ती म्हणाली. "मी लांबून सांगतो."

प्रणितानं दोन वेढे सोडले, तिसऱ्याला वास आला आणि ती तोंड दाबून न्हाणीकडं पळाली. करणला विचारलं तर त्याला ट्रॅक्टरवर जायचं होतं. घरातल्या कुणाला सुंदरबाईचा पाय सहन होत नव्हता आणि सुंदरबाईला पौर्णिमाचा हात.

घरी दौलतराव जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला.

"सडू दे," ते म्हणाले.

"बाबा."

"नाही तं केस कर. कायदा हाय."

"करता येईन. निकाल लागेपर्यंत पायही जाईन आन् बुढीही जाईन."

"मंग जाऊ दे. तुले काय पडलं? पाय तिचा हाय."

हे तिनं रस्त्यानं येताना स्वतःलाच सांगून पाहिलं होतं. पण पाय गेला तर गाव काय म्हणेल, तेही तिला ठाऊक होतं. दौल्याच्या पोरीचा हात लागला आन् पाय गेला. मग पहिल्या नंबरच्या या गावात कुणी बाळंतीण तिच्या हाती यायची नाही. चोरून, मागच्या दारानं येणाऱ्या दोन-चार जणी होत्या, त्याही यायच्या नाहीत. सुंदरबाईच्या घोट्याला पौर्णिमाची सगळी नोकरी बांधलेली होती, आणि बाई ती रोज दुपारी बादलीभर पाण्यात बुडवत होती.

"दौल्याच्या पोरीनं सडवला म्हणतीन," ती म्हणाली.

दौलतरावांनी ताटात हात धुतले.

चौथ्या दिवशी पट्टी बांधून झाली. पौर्णिमानं सामान भरलं, पायरी उतरून चपला घातल्या. अजून ती अंगणातच होती तोवर मागून सुंदरबाईचा आवाज आला, "प्रणिता, पाणी तापलं का वं?"

पौर्णिमा थांबली. पाणी तापून तयार असणार. ते अंगावर पडणार ती गेल्यावर. ती असताना पडणार नाही, कारण ती घरात असताना केलेली आंघोळ फुकट जाणार. ही गोष्ट सुंदरबाईला तिच्या सासूनं शिकवली असेल, पौर्णिमाला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासून तिनं पाहिलं होतं की वस्तीतलं माणूस निघून गेल्यावरच पाणी शिंपडतात, समोर नाही. तेवढी रीत सगळ्यांनाच असते.

तिनं चपला काढल्या, परत ओसरीवर आली आणि संयम बसला होता त्या खुर्चीवर बसली.

"काय राह्यलं?" सुंदरबाईनं विचारलं.

"काही नाही. बसतो जराशी."

"कायले?"

"पायाकडं लक्ष ठेवाले."

"डाक्टरीणबाईनं सांगतलं?"

"हो," पौर्णिमा म्हणाली. डॉक्टरीणबाईनं असलं काही सांगितलं नव्हतं.

न्हाणीतलं पाणी निवलं. प्रणितानं ते पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. सुंदरबाईनं टीव्ही लावला, बंद केला. पौर्णिमानं बॅगेतून मासिक काढलं आणि वाचत बसली. उन्हं कलली.

"जाय ना वं आता. घरी सैपाक असंन."

"बाबा करते."

"माणूस सैपाक करते?"

"चांगला करते."

सुंदरबाईनं हे पचवायला वेळ घेतला. तेवढ्यात प्रणितानं तुळशीपाशी दिवा लावला. दिवा लागल्यावर विधवा बाईनं डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, हाही नियम सासूचाच. दोन नियम ओसरीवर समोरासमोर आले. सुंदरबाईनं दोन्ही नियमांचा विचार केला आणि शेवटी गोमूत्राचा शिपका घेऊन भागवलं, एकदा अंगावर, एकदा बंगईवर. पौर्णिमा फाटकाच्या बाहेर गेल्यावर, अर्थात. पायावर चार थेंब उडाले असतील. चार थेंबांचं पौर्णिमा बघून घेणार होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडी होती.

मग ती रोज बसू लागली. दुपारचं उपकेंद्र आटपलं की पट्टी बांधायची आणि दिवा लागेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. करणनं दुकानातून कागदी कपांची थप्पी आणली. घरातले स्टीलचे कप फळीवर, ही थप्पी खिडकीत, वेगळी. पौर्णिमा चहा प्यायची, कप चुरगाळायची आणि दुसरा मागायची. सुंदरबाई तिला पगार विचारायची, लग्न काहून नाही जमत ते विचारायची, वस्तीतल्या कोणत्या पोरानं कोणती गाडी घेतली ते विचारायची आणि सगळं ऐकून म्हणायची, "तुमचं बरं हाय बाप्पा. तुमाले सगळं भेटते."

"हो," पौर्णिमा म्हणायची. "आमाले सगळं भेटते." आणि कपाकडं बघायची.

बायका पाहायला येत. दौल्याची पोरगी सरपंचाच्या ओसरीवर खुर्चीत बसते, हे बघण्यासारखंच होतं. "काहून बसून राह्यली थे?" त्या प्रणिताला विचारत.

"डाक्टरीणबाईचा हुकूम हाय," प्रणिता सांगे. खरं काय ते तिला कळलं होतं. पण त्या घरात पायाच्या वासाला सगळ्यात जास्त विटलेली तीच होती, म्हणून ती गप्प राहिली आणि पाणी तापवायला रोज थोडा थोडा उशीर करू लागली.

एका दुपारी साहेबांचा फोन आला. वाशिमला कार्यक्रम होता, पहिल्या नंबरचं बक्षीस. "मॅडम, पाच मिनिटं बोलायचंय. गावानं ही सेवा कशी स्वीकारली त्यावर. गाडी पाठवतो."

"येता नाही येणार सर. बसले आहे."

"कुठं?"

"पेशंटच्या घरी."

"काय करताय तिथं?"

"काही नाही सर. बसले आहे."

साहेबांना वाटलं, नेटवर्क गेलं. ते दोनदा 'हॅलो' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बक्षीस शेजारच्या उपकेंद्राच्या मॅडमनी घेतलं आणि पाच मिनिटं संयम बोलला. संध्याकाळी त्याचा निरोप मोबाइलवर आला. त्याच्या अभ्यासात सगळ्यात प्रभावी घटक 'विश्वास' निघाला होता, त्यानं आभार मानले होते, खाली हात जोडल्याचं चित्र होतं. पौर्णिमानं अंगठा पाठवला.

"काय म्हणते?" सुंदरबाईनं बंगईवरून विचारलं.

"तुमचा डॉक्टरवर लय विश्वास हाय म्हणते."

"मंग, हायच."

काळं बोट अकोल्याला नेऊन काढलं. बाकी पाय राहिला. चवड्यावर आधी लाल, मग गुलाबी मांस भरत आलं, कडेनं नवी कातडी धरली. करणनं काटत काटत डॉ. कुलकर्णींना पुन्हा गाठलं, त्यांनी पडद्यावरून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "फार छान. आजी, नशीबवान आहात."

"तुमच्या हाताले यश हाय बाई," सुंदरबाई मोबाइलला म्हणाली आणि पडद्याला नमस्कार केला.

पौर्णिमा तेव्हा त्याच पायाला शेवटची पट्टी बांधत होती. तिनं गाठ मारली, टोकं कापली आणि चार दिवसांनी ही काढून टाका, पुन्हा बांधायची गरज नाही, म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती खुर्चीवर बसली नाही.

चार दिवस गेल्यावर सकाळी ती लसीकरणाची पेटी घेऊन त्या गल्लीतून निघाली. पाय एकदा चालताना पाहावा, एवढंच मनात होतं. जखम भरली तरी असे पेशंट टाच टेकत नाहीत, वजन एका बाजूला टाकतात आणि पुन्हा फोड येतो. फाटक उघडं होतं.

सुंदरबाई उभी होती. केस ओले, पाठीवर सोडलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. महिन्याभराची राहून गेलेली दुसरी आंघोळ तिनं आज एकदम केली असावी. ओसरीवरची खुर्ची अंगणात उलटी करून ठेवली होती आणि तिच्या चारी पायांतून पाणी ठिबकत होतं. प्रणिता कुठं दिसत नव्हती. हे काम सुनेवर सोडण्यासारखं नव्हतं. सुंदरबाईनं शेणाच्या काल्याची बादली स्वतः उचलली, ओसरीच्या दोन पायऱ्या चढली, खुर्ची असायची त्या जागी वाकली आणि सारवायला लागली. हात कोपरापर्यंत शेणात. एक गोल, त्याच्यावर दुसरा गोल, भिंतीच्या कडेपर्यंत.

पौर्णिमाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. त्या पायातला पू तिनं बोटानं दाबून काढला होता तेव्हा तिला काही झालं नव्हतं. तिनं पेटी खाली ठेवली आणि फाटकाला धरून ते पाणी गिळलं.

सुंदरबाईनं मान वर केली. "काय वं?"

"काही नाही. चालून दाखवा."

"चालून राह्यली ना मी. पाहून नाही राह्यली का? बादली कोणी आणली?"

"रिकाम्या हातानं चाला. इथपर्यंत या."

सुंदरबाई हात झटकत अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथून वळली. पुढं आली नाही, पण तेवढं पुरेसं होतं. टाच आधी टेकत होती, मग चवडा, वजन सरळ. नव्या कातडीवर ताण नव्हता. बोट नसल्याचा झोक थोडा होता, तो राहणारच.

"अनवाणी फिरू नका," पौर्णिमा म्हणाली. "चप्पल घालून सारवा."

"चप्पल घालून कोणी सारवते का?" सुंदरबाई म्हणाली आणि उरलेला कोपरा सारवायला गेली.

पौर्णिमानं पेटी उचलली. पुढच्या घरचं बाळ दोन महिन्यांचं होतं आणि त्याची आई दारातूनच म्हणत होती की लस नको, मोबाइलमधला डाक्टर देते का ते पाहा.